नव्या इमारतीकडे गेलेला माणूस

१

दुपारच्या समारंभाआधी पडदा नीट सरकतो का बघू, म्हणून व्यवस्थापकांनी दोरी ओढली, आणि लाकडी टर्मिनलच्या पोटात भलंमोठं भोक दिसलं.

विमानतळाचं टर्मिनल दर काही वर्षांनी वाढत गेलं होतं, तशी, एरवी भांडारात पडून असणारी, त्याची ही लाकडी प्रतिकृतीही वाढत गेली होती. मधोमध पहिली इमारत, बुटांच्या खोक्याएवढी. तिला चिकटून दुसरी. मग परदेशी प्रवाशांची तिसरी, मग तिघींना कवेत घेऊन बसलेली चौथी, आणि जिचं आज दुपारी उद्घाटन व्हायचं होतं ती काचेची पाचवी. दर वाढीला नवा तुकडा करून जुन्याला जोडायचा, अशी पद्धत. आता चार तुकडे आपापल्या जागी शहाण्यासारखे बसले होते आणि पहिली इमारत तेवढी गायब होती.

"कुलूपबाईंना बोलवा!" व्यवस्थापक ओरडले, आणि मग जीभ चावून म्हणाले, "सुरक्षाप्रमुखांना बोलवा."

सुरक्षाप्रमुख बाई त्यांच्या मागेच उभ्या होत्या. जाता-येता दिसेल ते कुलूप ओढून बघायची त्यांना सवय, म्हणून सगळं टर्मिनल त्यांना पाठीमागे कुलूपबाई म्हणायचं. बदली होऊन इथे आल्याला त्यांना वर्षही झालं नव्हतं, पण नाव मात्र पहिल्याच आठवड्यात पडलं. मनातून त्यांना ते आवडायचं.

"या दालनातले कॅमेरे काय दाखवतात?" व्यवस्थापकांनी विचारलं.

"कॅमेरे काल काढून पाचवीत बसवलेत."

"कोणी सांगितलं काढायला?"

"मीच," कुलूपबाई म्हणाल्या आणि खाली वाकून भोक तपासू लागल्या. वाकण्याची गरज होतीच, शिवाय तोंड लपवायलाही ते बरं होतं. भोकाच्या कडेची लाकडाची कपची उडाली होती. तळाशी एक जाड लाकडी खुंटी होती, तिचं टोक मोडून पडलं होतं. कोणीतरी तुकडा खालून उचकटून, ओरबाडून काढला होता.

पाचव्या इमारतीची वास्तुविशारद, एक तरुण आणि फटकळ बाई, कॉफीचा कप घेऊन बाजूला येऊन उभी राहिली. "खरं सांगू का?" ती म्हणाली. "आता जास्त छान दिसतंय. ते खोकं मध्ये फार खुपायचं."

"तुम्ही काढलंत?"

"मी काढलं असतं तर सगळ्यांना सांगत सुटले असते."

हे इतकं खरं होतं की कुलूपबाईंनी तिला तिथल्या तिथे मोकळं सोडलं.

तेवढ्यात सुतार आला. ही प्रतिकृती त्याच्या घराण्याची. पहिला तुकडा त्याच्या वडिलांनी केला होता, पुढचे त्याने. माणूस हाताचा उत्तम आणि तोंडाचा फाटका. त्याच्या तोंडाचा पट्टा एकदा सुरू झाला की सामान वाहणारे पट्टेही थांबतील, असं लोक म्हणायचे. भोक बघितल्याबरोबर तो ओरडला, "बापाच्या हातचं काम आहे ते! अहो, किती दिवस घासत होतो. वर्षानुवर्षांची काजळी, वर कुणीतरी फासलेला रंग, सगळं काल संध्याकाळी निघालं. म्हटलं, आज लोकांना डोळे भरून बघू दे. आणि आजच?"

"पण गेल्या आठवड्यात," व्यवस्थापक सावकाश म्हणाले, "पाटीवर तुमचं नाव नाही म्हणून तुम्हीच भांडलात. 'नाव नाही लावलंत तर बापाचं घर उचलून घरी नेईन,' असं सगळ्या कँटीनसमोर म्हणाला होतात."

सुतारानं डोक्यावरची टोपी मागे सारली. त्याच्या खांद्याला कापडी पिशवी लटकत होती, आणि आता सगळेच त्या पिशवीकडे बघत होते.

२

कुलूपबाईंनी घाई केली नाही. निदान अजून तरी नाही. आधी त्या मामांना भेटायला गेल्या, कारण आजच्या समारंभाचे मानकरी मामा होते.

मामा म्हणजे त्यांचे सख्खे मामा, या विमानतळाचे निवृत्त मुख्य अभियंते. वडील लवकर गेल्यावर कुलूपबाई वाढल्या त्या मामांच्या घरात. सुट्टीच्या दिवशी मामा त्यांना टर्मिनलमध्ये आणायचे आणि वर बोट दाखवायचे. छतात काचेच्या लांब फटी होत्या. त्यांतून उजेडाचे पट्टे जमिनीवर पडायचे, आणि छोटी भाची एका पट्ट्यावरून दुसऱ्यावर उड्या मारत जायची. "हा उजेड मी आणलाय, चिमे," मामा म्हणायचे. असं छत दुसऱ्या इमारतीत पहिल्यांदा आलं, मग तिसरीत, चौथीत, आणि आता पाचवीतही. विमानतळाच्या बोधचिन्हातसुद्धा तेच पट्टे होते. आज मामांना मिळणाऱ्या मानपत्रावर 'उजेडाच्या छताचे जनक' असं कोरलेलं होतं, आणि तो मसुदा कुलूपबाईंनी स्वतः तपासून दिला होता.

सकाळी दोघं एकाच गाडीतून आली. मामांनी थंडीसाठी टोपी घातली होती. समारंभाचे नवे बूट चावतात म्हणून ते त्यांनी पिशवीत घेतले होते आणि पायांत जुनेच होते. कुलूपबाई गाडी लावायला गेल्या तेव्हा मामा दारातच उतरले. "मी जरा फिरतो, मग माझ्या जुन्या खोलीत बसतो. तू तुझी कामं कर," असं सांगून गेले.

ती जुनी खोली दोन नंबरमध्ये होती. दुसऱ्या इमारतीला सगळे दोन नंबर म्हणत. तिच्या वरच्या मजल्यावरच्या कचेऱ्या कालच पाचवीत हलल्या होत्या, त्यामुळे तिथे आता चिटपाखरूही नव्हतं. मामा खिडकीशी बसले होते. पायांत नवे बूट घालून झाले होते, आणि जुने बूट खिडकीच्या कट्ट्यावर उघडेच ठेवले होते, तळवे वर करून.

"मामा, बूट कुठे ठेवलेत हे! कोणी बघितलं तर काय म्हणेल?"

"असू दे ग. कोण येतंय इथे?"

कुलूपबाईंनी चोरीची हकिगत सांगितली. मामांनी ती सगळी ऐकली. मग म्हणाले, "लाकडाचा तुकडा तो. सापडेल. नाही सापडला तरी काय अडलंय?"

"अडलंय कसं नाही? दुपारी सगळे तिथेच जमणार. तुमचा सत्कार त्या टेबलापुढे आहे. आणि मला वाटतं, सुतारानंच नेलंय."

"त्याला फार बोलू नकोस," मामा चटकन म्हणाले. "कलाकार माणूस आहे. मनाला लावून घेईल."

कुलूपबाईंना मामांचं मोठं मन बघून भरून आलं. खाली उतरताना त्यांच्या डोक्यात एकच गोष्ट होती: मामांच्या सत्काराला गालबोट लागता कामा नये. कोणी काही पाहिलंय का, एवढं कळलं तर पुरे होतं. आणि तेवढ्यात रेडिओवर निरोप आला की एकीनं पाहिलंय.

३

जिनं पाहिलं होतं तिला सगळे आवाजबाई म्हणत. उद्घोषणा करणाऱ्या सगळ्यांत जुन्या बाई त्या. रोज हजारो माणसं त्यांचा आवाज ऐकत, चेहरा मात्र कोणाला ठाऊक नव्हता. माइक सोडून येता येत नाही म्हणून त्या आतल्या फोनवरच बोलल्या.

"सकाळी खोलीत जाताना एक माणूस दिसला बघा. दालनातून बाहेर पडत होता. जरा थांबा हं." मग त्याच आवाजात, पण साखर घालून, सगळ्या टर्मिनलला सांगण्यात आलं की अमुक विमानाच्या प्रवाशांनी दाराशी जमावं. "हां. तर माणूस. वयस्कर. डोक्याला टोपी. पिशवी छातीशी धरलेली, दोन्ही हातांनी. घाईघाईनं नव्या इमारतीकडे चालला होता."

"नव्या इमारतीकडे? नक्की?"

"अहो, डोळे आहेत मला. आवाज आहे म्हणून काय बाकी काही नाही?"

"चेहरा बघितलात?"

"पाठमोरा होता तो. पाठीला चेहरा असतो का, बाई?" आवाजबाई हसल्या. "या ना चहाला. सुटल्यावर मी नव्या कँटीनमध्ये असते. सगळं बैजवार सांगते."

चहाला वेळ कोणाला होता? कुलूपबाई तडक पाचव्या इमारतीच्या दाराशी गेल्या. तिथल्या पहारेकऱ्यानं सांगितलं की सकाळपासून आत एकच माणूस गेला होता. तो सुतार. डोक्याला टोपी, खांद्याला पिशवी. वास्तुविशारद बाईंच्या स्वागतकक्षाचं फळकुट बसवायचं राहिलं होतं, म्हणून त्याच्याकडे आजचा खास पास होता.

मग कुलूपबाई जे करू नये ते करून बसल्या. सुताराला बाजूच्या खोलीत बोलवता आलं असतं. पण तो दोन नंबरच्या तळमजल्यावर चौकशीच्या खिडकीपाशी उभा होता, आणि बाईंच्या अंगात विजय संचारला होता. समोर सामान घेऊन रांगा लागल्या होत्या. चौकशीच्या खिडकीत बसणारी मुलगी ही सुताराची सून होती, हे त्यांना माहीतही होतं.

"पिशवीत काय आहे?"

"हत्यारं. बघा." सुतारानं पिशवी पालथी केली. पटाशी, हातोडी, कागदात गुंडाळलेला सरस.

"आता हत्यारंच असणार. सकाळी काय होतं?"

"हेच होतं."

"तुम्हाला दालनातून पिशवी छातीशी धरून नव्या इमारतीकडे जाताना पाहिलंय. तिथे तुमच्याशिवाय कोणी गेलेलं नाही. बापाचं घर उचलून नेईन म्हणालात, तसं नेलंत. कुठे लपवलंय?"

रांगा वळून बघू लागल्या. एका लहान मुलीनं आईला विचारलं, "तो चोर आहे का?" आणि आईनं तिला जवळ ओढलं. सुतार सुनेकडे बघत होता. तिनं खिडकीतल्या संगणकात मान घातली होती आणि तिचे कान लाल झाले होते.

"पास द्या," कुलूपबाई म्हणाल्या. तो हलला नाही, तेव्हा त्यांनी स्वतःच त्याच्या गळ्यातून पट्टी काढून घेतली. काढताना त्याची टोपी खाली पडली. ती त्यानंच उचलली.

त्याला फाटकाबाहेर सोडण्यात आलं. जाताना तो एवढंच म्हणाला, "या पासावर माझं पोट आहे, बाई. पण त्याचं सोडा. सून रोज इथे बसते."

पाचवी इमारत गच्चीपासून तळघरापर्यंत धुंडाळली गेली. खुर्च्या उलट्या केल्या, छताच्या फळ्या सरकवल्या, नवीकोरी कपाटं उघडली. पहिली इमारत कुठेच नव्हती.

४

पाय दुखत होते, समारंभ जवळ आला होता, आणि साक्षीदार एकच होती. कुलूपबाई पाचवीच्या कँटीनला गेल्या.

कँटीन बंद होतं. खुर्च्यांवर प्लास्टिक तसंच होतं, दाराला चकचकीत कुलूप होतं. बाईंनी सवयीनं ते ओढून पाहिलं. मग फोन लावला.

"आवाजबाई, कुठे आहात तुम्ही?"

"नव्या कँटीनमध्ये! कधीची वाट बघतेय. तुमच्यासाठी मागवलेला चहा गार झाला." मागे कपबश्यांचा खणखणाट होता, आणि कोणीतरी ओरडून पाव मागत होतं.

"मी नव्या कँटीनच्या दारात उभी आहे. इथे कुलूप आहे."

"कुलूप? अहो, इथे तर खिडकीशेजारचं टेबल डगमगतंय म्हणून मी पायाखाली कागद घालतेय."

कुलूपबाईंनी कुलुपावरचा हात काढला. "आवाजबाई," त्या हळू म्हणाल्या, "तुम्ही दोन नंबरच्या कँटीनमध्ये आहात का?"

"तुम्ही नंतरची माणसं दोन नंबर म्हणता. आम्ही नोकरीला लागलो तेव्हा पहिली एकच इमारत होती. मग ही झाली. नवी इमारत, नवी कँटीन. पुढे तिसरी आली, चौथी आली, पण तोंडात बसलं ते बसलं. आमच्या वेळचे सगळे हिलाच नवी म्हणतात."

"आणि आज उद्घाटन आहे ती?"

"तिला अजून नाव पडायचंय. काचेची म्हणू बहुतेक."

"सकाळचा तो माणूस..."

"नव्या इमारतीकडे गेला म्हटलं ना. म्हणजे इकडे. तुमच्या दोन नंबरकडे."

कुलूपबाईंनी फोन ठेवला आणि आतल्या प्लास्टिक गुंडाळलेल्या खुर्च्यांकडे बघत राहिल्या. सुतार पाचवीत गेला होता, अगदी खरं. चोर पाचवीत गेलाच नव्हता. आणि सुतार कशाला ओरबाडून काढेल? तुकडा खुंटीवर बसवलेला होता. ज्याच्या घरात तो बनला, त्यानं खुंटी फिरवून अलगद उचलला असता, बापाच्या हातच्या कामाची कपची उडू दिली नसती. हे सगळं त्यांनी सकाळीच, खाली वाकून, स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं होतं. बघूनही कळू दिलं नव्हतं, कारण त्यांना चोर हवा होता आणि तो लवकर हवा होता.

मग आजच का? इतकी वर्षं प्रतिकृती भांडारात पडून होती. कोणीही, कधीही नेऊ शकला असता. नेण्यासारखं काही झालं असेल तर ते काल संध्याकाळी. काल तो तुकडा स्वच्छ झाला होता. काजळीखालचं काहीतरी दिसायला लागलं होतं, आणि ते दिसणं कोणालातरी नको होतं.

दोन नंबरचा वरचा मजला रिकामा होता. सकाळी तिकडे एकच माणूस गेला होता. वयस्कर, टोपीवाला, बुटांची पिशवी घेतलेला. आणि ते जुने बूट उघडे कट्ट्यावर होते, कारण पिशवीत दुसरंच काही होतं.

कुलूपबाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. तरी त्या दोन नंबरकडे निघाल्या.

५

"मामा, बुटांची पिशवी कुठाय?"

मामांनी एकदा भाचीकडे पाहिलं, एकदा कट्ट्यावरच्या बुटांकडे. मग टेबलाखालून पिशवी काढून तिच्यापुढे ठेवली. उगाच कुठली म्हणून विचारलं नाही, हे तेवढं बरं केलं.

कुलूपबाईंनी तुकडा बाहेर काढला. सुतारानं खरंच जीव ओतून घासला होता. भिंती, दारं, खिडक्यांच्या चौकटी, सगळं काल केल्यासारखं. आणि छतात, एकापुढे एक, काचेच्या बारीक पट्ट्या. खिडकीतून ऊन येत होतं. टेबलावर उजेडाचे इवलेसे पट्टे पडले.

"पहिल्या इमारतीलाही होतं?" त्यांनी विचारलं.

"पहिल्याच इमारतीला होतं."

"मग आता तिथे दिसत कसं नाही?"

"कारण त्यावर पत्रे आहेत. नोकरीतलं माझं पहिलं काम काय होतं माहितीये, चिमे? ते छत गळायचं. त्यावर पत्रे ठोकून घ्यायचे. मी घेतले ठोकून. पुढे ही दोन नंबर बांधताना वरिष्ठ म्हणाले, आत अंधार वाटणार, काय करायचं? मी म्हटलं, छतात काचेच्या फटी ठेवू. ते म्हणाले, वा! बस, एवढंच झालं. मी खोटं बोललो नाही, नुसता गप्प बसलो. तिसरीच्या वेळी लोक म्हणाले, ही यांची कल्पना. तेव्हाही गप्प बसलो. चौथीच्या वेळी मीच म्हणायला लागलो. तोपर्यंत मलाही थोडं खरं वाटायला लागलं होतं."

"आणि मला?"

"तू लहान होतीस. वर बघून टाळ्या वाजवल्यास. तुला कसं सांगणार?"

"मग मूळ कल्पना कोणाची?"

मामांनी मान खाली घातली. "तेही मला माहीत नाही. कधी विचारलंच नाही ग. विचारलं असतं तर कळलं असतं, आणि कळलं तर सांगावं लागलं असतं." मग म्हणाले, "काजळी होती तोवर मला धाकधूक नव्हती. आज सकाळी सहज पडद्याआड डोकावलो, तर लख्ख. दुपारी सगळे त्याच्याभोवती उभे राहणार आणि माझ्या हातात ते मानपत्र. मला घाम फुटला. बूट चढवायचं शिंग होतं खिशात, त्यानंच उचकटलं."

"मी सुताराला सगळ्यांसमोर चोर म्हटलं. त्याच्या सुनेसमोर."

"खालून आवाज येत होता."

"ऐकलंत? मग आला का नाहीत?"

मामा नव्या बुटांकडे बघत राहिले. "म्हटलं, आजची दुपार तेवढी होऊन जाऊ दे."

इतकी वर्षं या माणसाच्या नावावर कुलूपबाई मान ताठ ठेवून चालल्या होत्या. आता ते समोर बसले होते आणि त्यांच्याकडे बघवत नव्हतं. त्याहून वाईट म्हणजे, त्यांच्याकडे बघताना आपलाच चेहरा समोर आल्यासारखं वाटत होतं. मामांनी खोटं सांगितलं होतं, पण सुताराच्या गळ्यातली पट्टी त्यांनी ओढली नव्हती.

"तू असं कर," मामा म्हणाले. "भांडारात सापडलं म्हणून सांग. सुताराचा पास देऊन टाक. तुकडा जागेवर बसेल, छताकडे कोण एवढं निरखून बघतंय? कोणाचं काय जातंय त्यात?"

कोणाचं काय जातंय, हे कुलूपबाईंना नीट माहीत होतं. भांडारात सापडलं म्हटलं की लोक म्हणणार, पास गेल्यावर घाबरून आणून ठेवलं त्यानं. सुताराच्या कपाळीचा डाग काही पुसला जाणार नव्हता. चोर सापडला तरच तो सुटणार होता.

त्यांनी तुकडा पिशवीत घातला. मामांना हो म्हणाल्या नाहीत. नाहीही म्हणाल्या नाहीत.

६

सुतार फाटकाबाहेरच्या बाकावर बसला होता.

"सापडलं," कुलूपबाई म्हणाल्या. "माझं चुकलं. आत चला."

"कुठून? मागनं?"

"तुम्ही म्हणाल तिथून."

"पास सगळ्यांसमोर काढलात. सगळ्यांसमोर घाला." त्यानं टोपी सारखी केली. "आणि मी चोर नाही, हेही तसंच सांगा. दुसरं काही नको मला. पाटीवर नावसुद्धा नको."

दालन भरलं होतं. व्यवस्थापक माइकपाशी होते, वास्तुविशारद बाई टेबलाशेजारी, आवाजबाई पहिल्यांदाच सगळ्यांना दिसत होत्या, आणि पहिल्या रांगेत मधोमध मामा. सुताराची सून मागे खांबाआड उभी होती. कुलूपबाई सुताराला घेऊन मधल्या वाटेनं पुढे आल्या, आणि पिशवी टेबलावर ठेवून त्यांनी त्याच्या गळ्यात पास घातला. पट्टी त्याच्या कानाला अडकली.

"सकाळी मी यांच्यावर आळ घेतला. तो खोटा होता," त्या म्हणाल्या. इथपर्यंत जमलं.

"अरे वा, वा!" व्यवस्थापकांचा चेहरा खुलला. "म्हणजे सापडलं! कुठे होतं?"

कुलूपबाईंनी मामांकडे पाहिलं. कडक इस्त्रीचा शर्ट, चावणारे नवे बूट, मांडीवर ठेवलेले दोन म्हातारे हात. या हातांनी त्यांना शाळेत पोचवलं होतं.

"भांडारात," त्या म्हणाल्या. "सामान हलवताना चुकून तिकडे गेलं असावं."

मागच्या रांगेतून कोणीतरी म्हणालं, "पास गेल्यावर बरं सापडलं!" आणि हशा पिकला. मोठा नाही, सभ्य माणसांचा दबलेला हशा. सुतारानं कुलूपबाईंकडे नुसतं पाहिलं. माणूस तोंडाचा फाटका खरा, पण आंधळा नव्हता. खांबाआडची सून दालनाबाहेर निघून गेली.

तेव्हा मामा उठले.

"ती खोटं बोलतेय," ते म्हणाले. माइक नव्हता, तरी सगळ्यांना ऐकू गेलं. "आयुष्यात पहिल्यांदा बोलतेय, म्हणून तिला नीट जमलं नाही. मला जमायचं. तो तुकडा मी नेला. तिनं माझ्याकडून आणलाय. पिशवी उघडा आणि छत बघा. उजेडाचं छत पहिल्या इमारतीपासून आहे. ते माझं नाही, कधीच नव्हतं. मी त्यावर पत्रे ठोकले होते."

वास्तुविशारद बाईंनी पिशवीतून तुकडा काढला, उजेडाकडे धरला, आणि नेहमीसारखं काहीतरी फटकळ बोलायला उघडलेलं तोंड मिटलं. व्यवस्थापकांनी मानपत्र हळूच टेबलाच्या कापडाखाली सरकवलं. आवाजबाई स्वतःशीच, पण सगळ्यांना ऐकू जाईल अशा त्या आवाजात, म्हणाल्या, "पाठ ओळखायला हवी होती मी."

मामा सुतारापाशी गेले. "मला माफ करा. सकाळीच खाली यायला हवं होतं."

सुतारानं त्यांना खालपासून वरपर्यंत बघितलं. "तुमचं राहू दे," तो म्हणाला. "उशिरा का होईना, बोललात." मग त्यानं वास्तुविशारद बाईंच्या हातातून बापाचं काम घेतलं, खुंटीचं मोडकं टोक चाचपलं, आणि मान न वळवता कुलूपबाईंना विचारलं, "तुम्हाला ठाऊक होतं?"

"हो."

"मला आत आणलंत तेव्हाही?"

"हो."

"मग भांडार कशाला काढलंत?"

"ते मामा आहेत माझे."

सुतार वळला. एरवी बोलायला लागला की न थांबणारा माणूस. आता त्याच्याकडे दोनच शब्द होते.

"आणि मी?"

कुलूपबाईंनी मान वर करून पाहिली, पण ती वर राहीना.